ॲडमिट असताना हृदय बंद पडलं, म्हणजे हलगर्जीपणाच?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरतोय. ‘दवाखान्यात भरती असलेल्या माणसाचं हृदय बंद पडेलच कसं? यंत्रं हाताशी, शॉक दिला की सुरू. तरी माणूस गेला तर तो हलगर्जीपणा. आणि अर्धा-अर्धा तास छाती दाबणं हे बिल वाढवायचं नाटक.’ ज्यांच्या घरातलं माणूस नुकतंच असं गेलंय, त्यांच्या जखमेवर हे मीठ आहे. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

‘बंद पडेलच कसं?’ पडतं. भरती होतो तो मुळातच आजारी असतो. अमेरिकेत दर हजार भरतींमागे नऊ-दहा प्रौढांची हृदयक्रिया रुग्णालयातच थांबते, म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख ९० हजार. ब्रिटनचा आकडा हजारी १.६ आहे, पण तिथे २२२२ वर फोन करून खास पथक बोलावलं गेलं तेवढेच रुग्ण मोजतात.

‘शॉक दिला की सुरू’ हा समज पडद्यावरून आलाय. शॉक बंद हृदय सुरू करत नाही. नुसतंच थरथरणाऱ्या हृदयाची ती थरथर थांबवतो. मॉनिटरवर सरळ रेष असेल तर शॉक देतच नाहीत. ब्रिटनच्या २०११ ते २०१३ च्या नोंदींत शॉक लागू पडेल असे रुग्ण जेमतेम १७ टक्के होते. त्यांतले ४९ टक्के जिवंत घरी गेले, शॉक लागू न पडणाऱ्यांतले साडेदहा टक्के. सगळे मिळून १८ टक्के. अमेरिकेत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे सगळं वेळेत करूनही बहुतेक जण वाचत नाहीत.

‘नाटक’ या शब्दाचा मात्र मला राग येतो. थांबलेल्या हृदयाच्या वतीने मेंदूला रक्त पोचवणारे ते हात असतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ६४ हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की जिथे प्रयत्न जास्त वेळ चालू ठेवतात तिथे जास्त जण वाचतात. आजार शेवटच्या टप्प्यावर असेल तर छाती दाबू नये, हा निर्णय आधी बोलून घेता येतो; त्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

आता हलगर्जीपणा. तो कधीच नसतो असं मी म्हणणार नाही, कारण पुरावा तसं सांगत नाही. १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासात ६४ पैकी ८४ टक्के रुग्णांची तब्येत आधीच्या आठ तासांत ढासळल्याची नोंद सापडली. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात शॉकची गरज असलेल्या ३० टक्के रुग्णांना तो दोन मिनिटांनंतर मिळाला. त्यांच्यातले २२ टक्के वाचले, वेळेत मिळालेल्यांतले ३९ टक्के. रात्री हृदय थांबलं तर जगण्याची शक्यता दिवसापेक्षा कमी, हेही त्याच वर्षी समोर आलं. चूक झालीच असेल तर ती अशा ठिकाणी सापडते. नुसत्या मृत्यूवरून ती सिद्ध होत नाही.

म्हणून शंका असेल तर सिस्टरवर धावून जाऊ नका. केस पेपरची प्रत मागा. २००२ च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागते. शेवटच्या आठ तासांत श्वास, नाडी, बीपी कितीदा लिहिलंय, आणि आकडे बिघडल्यावर कोणत्या डॉक्टरांना किती वाजता कळवलं, ते त्यात पाहा.