‘भांग थंड देशात उगवतच नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की भांग, गांजा, हेम्प (धाग्यासाठी नाहीतर बियांसाठी लावतात ती, नशा जवळजवळ नसलेली भांग) हे सगळं एकच झाड, ते मुळात गरम देशाचं, उत्तरेकडच्या थंडीत उघड्या शेतात ते टिकत नाही. तिथला उन्हाळा त्याला पुरत नाही. जगलंच तर थंडीने त्यातली नशा निघून जाते आणि त्यालाच मग हेम्प म्हणतात. बर्फात त्याचा धागा कुजतो. आणि कॅनडा-फिनलंडवाले जे काही पिकवतात ते काचेच्या घरात दिवे लावून पिकवतात. झाड एकच हे खरं, पण पुढचे जे पाच मुद्दे आहेत त्यातला एक अर्धा बरोबर आहे, बाकी चूक. मी फिनलंडमध्ये कुओपिओच्या बाजूला हेम्पच्या शेतावर दोन हंगाम काम केलंय, बियांसाठी लावलेलं, परवान्याचं पीक, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

त्याआधी एक गोष्ट, कारण त्या मेसेजखाली अर्धे लोक ताग-ताग करत होते. हेम्प म्हणजे ताग नाही आणि अंबाडीही नाही. तिन्हींचा वाख निघतो म्हणून नावं एकमेकांत मिसळलीत एवढंच. अंबाडीचं तर शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, पानं भांगेसारखी दिसतात म्हणून, पण कूळ जास्वंदीचं. मी इथे बोलतोय ते कॅनाबिस सटायव्हाबद्दल, म्हणजे खऱ्या भांगेच्या झाडाबद्दल.

आता पहिला मुद्दा, गरम देशाचं झाड. कॅनाबिस सटायव्हा हे नाव लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये दिलं, तो स्वीडनचा माणूस आणि त्याच्यासमोर जे झाड होतं ते युरोपातल्या शेतांत पिकणारं. ‘इंडिका’ हे नाव लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने नंतर, १७८५ मध्ये, भारतातून आलेल्या नमुन्यांवरून दिलं. झाडाचं मूळ कुठलं यावर अजून काम चालू आहे, पण २०१९ मध्ये जुन्या परागकणांच्या अभ्यासातून जो अंदाज मांडला गेला तो तिबेटच्या पठाराच्या ईशान्य कोपऱ्याचा आहे, चिंगहाई सरोवराच्या आसपासचा, आणि ते सरोवर समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर आहे. हिवाळ्यात ते गोठतं. गरम देश म्हणायला तिथे काहीच नाही.

पुढे या. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिकच्या थडग्यांत, जिथे जमीन इतकी गोठलेली की दोन हजार वर्षांपूर्वीचे कपडे आणि कातडी टिकून राहिली, तिथे सर्गेई रुदेंको या पुरातत्त्वज्ञाला १९४० च्या दशकाच्या शेवटी केलेल्या खोदकामात धातूच्या भांड्यात जळालेल्या भांगेच्या बिया मिळाल्या. नॉर्वेत ओसेबर्गला ८३४ साली पुरलेल्या जहाजातही भांगेच्या बिया सापडल्या. आणि १८ व्या शतकात ब्रिटिश नौदलाचे दोर ज्या हेम्पचे वळले जायचे तो बहुतेक रशियातून यायचा, रिगा आणि सेंट पीटर्सबर्गच्या बंदरांतून, मागच्या ओर्योल-स्मोलेन्स्कसारख्या मुलखातल्या शेतांतून. तेव्हा ना काचेची घरं होती ना विजेचे दिवे. जगातलं सगळ्यात मोठं आरमार ज्या दोरांवर उभं होतं ते दोर थंड देशातल्या उघड्या शेतात उगवलेले होते, आणि आपण आज म्हणतोय की तिथे हे झाड टिकत नाही!

थंडीने मरतं का, तर हे मी डोळ्यांनी बघितलंय. मेअखेरची पेरणी, दहा दिवसांनी रोपं वर आलेली, दोन गुळगुळीत बीजदलं आणि वर करवतीसारख्या काठाच्या पानांची पहिली जोडी, एवढीशी. एका पहाटे पारा शून्याच्या खाली दोन अंश गेला. सकाळी शेतावर गेलो तर प्रत्येक पानाच्या काठावर पांढरी रेघ, गोठलेल्या दवाची, आणि सगळी रोपं माना टाकून. मला वाटलं गेलं पीक. शेतमालक बाई म्हणाल्या दुपारपर्यंत थांब. दुपारी बारा-एकला परत गेलो तर सगळी सरळ उभी होती. कोवळं रोप थोडा वेळ उणे पाच अंशांपर्यंतही तग धरू शकतं, आणि तापमान एक-दोन अंशांच्या वर गेलं की पानं हळूहळू का होईना वाढायला लागतात. पेरताना जमीन आठ-दहा अंशांवर असली की काम भागतं.

ज्याने खरंच रोपं मेली ते पाणी. त्याच शेतात चराच्या बाजूला एक खोलगट तुकडा होता, जूनमध्ये तीन दिवस पाऊस झाला आणि तिथे पाणी साचलं, तर तिथली रोपं पिवळी पडली, देठं जांभळी झाली आणि जुलैत ती गुडघ्याएवढीच राहिली, शेजारची छातीला लागत होती तेव्हा. भारी माती, वर पपडी, खाली पाणी, हे या झाडाला अजिबात चालत नाही. ‘तण आहे हो, कुठेही फेका, येतं’ असं म्हणणारेही त्या मेसेजखाली होते, त्यांनी तो तुकडा बघायला हवा होता.

दुसरा मुद्दा, उन्हाळा पुरत नाही. हाच तो अर्धा बरोबर असलेला, आणि इथे जरा सावकाश समजून घ्यायला हवं कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. हे झाड थंडी-गरमी बघून फुलायचं ठरवत नाही, ते रात्र मोजतं. रात्र पुरेशी मोठी झाली की फुलोरा, तोपर्यंत नुसती उंची. बऱ्याच जातींसाठी दिवस साधारण १४ तासांच्या खाली आला की घड्याळ वाजतं, आणि विषुववृत्ताजवळून आलेल्या झाडांना तर १२-१३ तासांचा दिवस लागतो, कारण त्यांच्या मुलखात त्याहून मोठा दिवस त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलाच नाही. आता हे बी घेऊन तुम्ही ६० अक्षांशावर या. जूनच्या मध्याला तिथे दिवस जवळजवळ १९ तासांचा, कुओपिओत तर २० तासांचा, रात्र म्हणजे नुसता संधिप्रकाश. झाड वाढत राहतं, वाढतच राहतं. दिवस १४ तासांवर येईपर्यंत ऑगस्ट संपलेला असतो, १२ तासांवर येईपर्यंत सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, आणि तोवर पहिलं कडक दहिवर पडून गेलेलं असू शकतं. फुलं धरल्यावर बी पिकायला पुढे आणखी कित्येक आठवडे लागतात ते वेगळेच. म्हणजे दक्षिणेकडचं बी उत्तरेत लावलं तर ते पिकत नाही हे खरं, पण ते थंडीने हरत नाही, उजेडाने उशीर करून घेतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि मेसेज लिहिणाऱ्याने त्या एकच करून टाकल्यात.

कारण उत्तरेच्या झाडांचं घड्याळच वेगळं असतं. रशियातल्या व्होल्गाच्या भागात रानात उगवणारी एक बुटकी, लवकर उरकणारी भांग यानिशेव्स्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये नोंदवली, रुडरॅलिस म्हणतात ती. आणि १९९० च्या दशकात फिनलंडमध्ये जेस कॅलवे आणि सहकाऱ्यांनी रशियाच्या वाव्हिलोव्ह संस्थेने जपलेल्या उत्तरेकडच्या बियांपासून एक जात तयार केली, फिनोला. आम्ही तीच लावायचो. ही दिवस लहान व्हायची वाटच बघत नाही, पेरणीनंतर महिन्याभरात फुलायला लागते, भर जुलैत, सूर्य रात्री साडेदहाला मावळत असताना. उंची जेमतेम दीड मीटर, आणि १०० ते १२० दिवसांत बी हातात. मेअखेर पेरा, सप्टेंबरात काढा, बसतं त्यात.

उलटं करून बघा म्हणजे आणखी पटेल. उत्तरेची लवकर फुलणारी जात दक्षिणेत नेऊन पेरली तर ती छोट्या दिवसांत उगवता उगवताच फुलते, झाड गुडघ्या-मांडीएवढं राहतं आणि हाती काही लागत नाही. म्हणजे गरम देशातही हे झाड ‘येत नाही’ असं कुणी याच हिशोबाने म्हणू शकेल. बी कुठलं आणि अक्षांश कुठला, जमायला हवी ती ही जोडी.

आणि धाग्यासाठी लावणारे तर मुद्दाम दक्षिणेकडची उशिरा फुलणारी जात उत्तरेत आणतात. फुलोरा आला की खोडाची वाढ थांबते आणि धागा राठ होत जातो, मग फुलणंच लांबलं तर चांगलंच की! उन्हाळाभर लांबच लांब दिवस आणि झाड फक्त खोड करतंय, अडीच-तीन मीटर. बी मिळत नाही, पुढच्या वर्षी विकत घ्यावं लागतं, पण वाख भरपूर. मेसेजमधला ‘पुरत नाही’ हा शब्द कशासाठी पुरत नाही ते सांगतच नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, थंडीने नशा जाते आणि गांजाचा हेम्प होतो. नाही होत. याचं उत्तर कॅनडात केव्हाच मिळालंय. अर्नेस्ट स्मॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओटावात जगभरातून आणलेल्या कॅनाबिसच्या साडेतीनशे वाणांची रसायनं तपासली. माती तीच, हवा तीच, थंडी तीच. दक्षिणेकडच्या मुलखातून आलेल्या झाडांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, जास्त भरलं, युरोपातल्या धाग्याच्या वाणांत ते नगण्य आणि सीबीडी, म्हणजे नशा न आणणारं रसायन, जास्त. झाडात दोन्हींची सुरुवात एकाच पदार्थापासून होते, पुढे त्याचं टीएचसी होणार की सीबीडी हे ठरवणारं एन्झाइम झाडाला वारशाने मिळतं. हवामानाने प्रमाण थोडं इकडेतिकडे होतं, हे मी नाकारत नाही, पण एकाचं दुसरं होत नाही. स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ मध्ये दोन गट वेगळे दाखवायला ०.३ टक्के टीएचसी ही रेघ मारली, आणि तीच पुढे कायद्यांत गेली, कॅनडात ०.३, युरोपीय संघात आधी ०.२ होती ती २०२३ पासून ०.३. तेव्हा हेम्प म्हणजे थंडी लागलेला गांजा हे डोक्यातून काढून टाका. हा समज नुसता चूक नाही, धोक्याचा आहे, कारण याच्या भरवशावर कुणी थंड देशात भलतं बी लावलं तर झाड नियमात बसणार नाही आणि बर्फ त्याला वाचवायला येणार नाही.

‘मग मधली इतकी वर्षं तिकडे हेम्प दिसत का नव्हता’ असं एकाने विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे. कॅनडात १९३८ मध्ये बंदी आली ती १९९८ मध्ये उठली, साठ वर्षं पीकच नव्हतं. त्याआधीच शिडाची जहाजं गेली, दोरांना मागणी उरली नाही, कापूस आणि ज्यूट स्वस्त पडायला लागले. हवामान होतं तेच होतं.

चौथा, बर्फात धागा कुजतो. शेजारच्या शेतावर धाग्याचा एक पट्टा मुद्दाम हिवाळाभर उभा ठेवलेला. एप्रिलमध्ये, बर्फ वितळून जमीन दिसायला लागल्यावर, मी त्यातली एक काठी हातात घेऊन वाकवली तर ती काड्कन मोडली, आतलं भेंड तुकडे होऊन खाली पडलं आणि हातात वाखाची लांब पट्टी लोंबत राहिली, कसलंही यंत्र न लावता. गोठणं-वितळणं, गोठणं-वितळणं असं पाच महिने झालं की खोडातला चिकटपणा सुटतो आणि एरवी पाण्यात भिजत घालून जे काम करावं लागतं ते हिवाळा करून देतो, वर काठ्या वाळलेल्या मिळतात. हा धागा करडा पडतो आणि थोडा कमजोर होतो, बारीक कापडाला तो नाही चालणार, पण भिंतीत भरायला, चटयांना चालतो. स्वीडन आणि फिनलंडमध्ये वसंतातल्या या काढणीवर रीतसर अभ्यास झालेत.

कुजण्याची खरी भीती आहे ती शरद ऋतूत, आणि ती मी लपवणार नाही. सप्टेंबरात हवा पंधरा अंशांच्या आसपास, सकाळी दव पडतं ते दुपारपर्यंत सुकत नाही, आणि तुरे दाट भरलेले असले की करडी बुरशी आत शिरते, बोट्रायटिस. बाहेरून तुरा ठीक दिसतो, एखादं पान उगाच पिवळं पडलेलं असतं, ते ओढलं तर अलगद हातात येतं आणि आतून राखेसारखी भुकटी उडते. एकदा लागली की ओल्या आठवड्यात हा हा म्हणता पसरते. थंड देशातल्या उघड्यावरच्या पिकाचा शत्रू शोधायचा तर हा आहे, हिवाळा नाही.

पाचवा मुद्दा पटकन उरकतो. कॅनडाच्या सॅस्कॅचेवान, अल्बर्टा, मॅनिटोबा या प्रांतांत हेम्प गव्हा-कॅनोलासारखा मोकळ्या माळावर पेरतात आणि हार्वेस्टरने काढतात. काचेची घरं आणि दिवे असतात ते बहुतेक औषधी आणि नशेच्या फुलांच्या धंद्यात, जिथे प्रत्येक खेप सारखी निघायला लागते. दोन वेगळे उद्योग आहेत, एकाचा फोटो दुसऱ्याच्या मजकुरावर चिकटवलाय.

उत्तरेत हे पीक अवघड कुठे जातं ते काढणीच्या दिवशी कळतं. बी सगळं एकदम पिकत नाही, खालचं तयार असतं तेव्हा वरचं हिरवं, आणि सगळ्याची वाट बघितली तर पक्षी खातात नाहीतर गळून जातं, त्यामुळे साधारण सत्तर टक्के पिकलं की शेतात उतरायचं, खोडं हिरवीच असताना. मग तो वाख हार्वेस्टरच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळायला लागतो, दोरखंडासारखा घट्ट, घर्षणाने तापतो, आग लागू शकते, म्हणून दर थोड्या वेळाने मशीन पूर्ण बंद करून सुरीने कापून काढायचा. आणि बी ओलं येतं, पाचवा हिस्सा पाणीच. ट्रॉलीत ढीग पडला की दोन-तीन तासांत मी हात घालून बघायचो, कोपरापर्यंत, आणि बाहेर चार अंश असताना आत ऊब लागायची, म्हणजे बी तापायला लागलंय, रात्रीत खवट होणार. तेव्हा जेवण बाजूला ठेवून ते ड्रायरवर टाकायचं आणि ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर येईपर्यंत पंख्याशेजारी बसून राहायचं. पहिल्या हंगामात आम्हाला चार तास उशीर झाला आणि एक अख्खी ट्रॉली टाकून द्यावी लागली.