प्रमुख याजकाच्या पायातला दोर कुठून आला?

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की हा संदेश फिरू लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला आणि एका उपदेशातही ऐकायला मिळाला. मजकूर थोडक्यात असा: यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी (योम किप्पुर) प्रमुख याजक मंदिराच्या सर्वांत आतल्या खोलीत, म्हणजे परमपवित्रस्थानात, जाताना त्याच्या पायाला दोर बांधत. झग्याची घुंगरं वाजायची थांबली की बाहेरच्यांना कळे, देवाच्या पवित्रतेपुढे हा मेला. दुसऱ्या कोणाला आत पाऊल टाकता येत नसल्यामुळे प्रेत दोराने ओढून काढत. असे कित्येक याजक मेले. येशूच्या मरणाने त्या खोलीपुढचा पडदा, अंतरपट, फाटला आणि ती भीती संपली.

पाठवणाऱ्यांची तळमळ मला कळते. देवाला गृहीत धरू नये, एवढंच त्यांना सांगायचं असतं. पण शास्त्रात नसलेली गोष्ट शास्त्र म्हणून सांगितली जाते, तेव्हा शास्त्रात जे आहे ते झाकलं जातं. इथे नेमकं तेच झालं आहे.

आधी दोर. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात त्या दिवसाचा सगळा विधी आहे. याजकाने काय घालायचं हे अंतर्वस्त्रापर्यंत लिहिलेलं आहे. दोर नाही. निर्गमाच्या 28व्या अध्यायात नाही, इब्री लोकांस पत्रातही नाही. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस स्वतः याजकांच्या घराण्यातला. त्याच्या लिखाणात नाही. सुमारे इ.स. 200च्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात ‘योमा’ नावाचा अख्खा भाग या एका दिवसाबद्दल आहे. सात दिवस आधी याजकाला घरातून हलवून मंदिराच्या आवारातल्या एका दालनात ठेवत. त्याला काही अशुद्धता आली तर म्हणून दुसरा याजक तयार असे. आदल्या रात्री त्याला डुलकी लागू लागली की तरुण याजक बोटांनी चुटक्या वाजवून जागं करत. दिवसभरात पाच स्नानं. चुटक्यासुद्धा लिहून ठेवणारे लोक दोर विसरले असतील? दोराचा उल्लेख सापडतो तो ‘जोहार’मध्ये. हा यहुदी गूढवादाचा ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला. यरुशलेमचं मंदिर पडलं इ.स. 70 साली. मधे बाराशे वर्षं गेली.

घुंगरांचं उत्तर तर लेवीयमध्येच आहे, आणि ते वाचायला एक मिनिटही लागत नाही. सोन्याची घुंगरं आणि डाळिंबं होती ती एफोदाच्या (प्रमुख याजकाच्या बाह्यवस्त्राच्या) निळ्या झग्याच्या घेराला. त्यांचा आवाज ऐकू यावा, म्हणजे याजक मरणार नाही, असं निर्गम 28:35 सांगतं. संदेशाचं मूळ बहुधा तिथेच असावं. पण तो रोजच्या सेवेचा झगा. परमपवित्रस्थानात जाताना लेवीय 16:4 प्रमाणे तो साधी तागाची वस्त्रं घालतो: झगा, चोळणा, कमरबंद, मंदील. ना सोनं, ना रत्नजडित ऊरपट. वाजायला अंगावर घुंगरूच नाही, मग ते थांबणार कुठून?

त्या तागाच्या कपड्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण दोराच्या गोष्टीत तेच हरवतात. वर्षभर लोकांसमोर सोन्यात मिरवणारा माणूस देवाच्या अगदी जवळ जाताना वैभव उतरवून ठेवतो. तेज तिथे आधीच आहे. याने आपलं न्यायचं नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी पांढरे कपडे घालायची रीत यहुद्यांत आजही आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी याच दिवसाला मराठीत दरफाळणीचा सण म्हणत आले. दारं लावून घेऊन उपास करण्याचा दिवस.

‘दुसऱ्या कोणाला आत जाता येत नसे.’ विधी चालू असताना, हो. लेवीय 16:17 तर म्हणतं की तो आत असेपर्यंत दर्शनमंडपातच (मंदिराआधीच्या पवित्र तंबूत) कोणी असू नये. मग दोराचं दुसरं टोक धरायचं कोणी, आणि कुठून? हेरोदाच्या मंदिरात पवित्रस्थानच 40 हात लांब होतं. पुढे दोन अंतरपट, मधे हातभर वाट. बाहेरचा एका बाजूने उघडा, आतला दुसऱ्या बाजूने. मिश्नाप्रमाणे याजक त्या दिवशी चार वेळा आत जाई. पहिल्या खेपेला उजव्या हातात निखारे, डाव्या हातात धूप. अशा वळणाच्या वाटेने दोर ओढत जाणारा माणूस डोळ्यांपुढे आणून बघा.

मृत्यूची वेळ आलीच, तर काय करायचं हेही ठाऊक होतं. पहिला प्रमुख याजक अहरोन याचे मुलगे नादाब आणि अबीहू देवासमोर मेले तेव्हा मोशेने अहरोनाच्या चुलत्याच्या मुलांना, मीशाएल आणि एलसाफान यांना बोलावलं. त्यांनी प्रेतं झग्यांसकट उचलून छावणीबाहेर नेली (लेवीय 10:4-5). तालमुद या मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात नियम आहे की डागडुजीला किंवा अशुद्ध वस्तू बाहेर काढायला माणसं आत जाऊ शकतात, शक्यतो याजकांनी जावं. परमपवित्रस्थानाच्या दुरुस्तीसाठी कारागिरांना वरच्या मजल्यावरून पेट्यांमध्ये बसवून खाली सोडत, नजर इकडेतिकडे फिरू नये म्हणून.

कित्येक याजक मेले, याला शास्त्रात एकही उदाहरण नाही. दुसऱ्या मंदिराच्या काळात 300 हून अधिक प्रमुख याजक झाले आणि काही थोडे सोडले तर त्यांना वर्षही पुरं झालं नाही, असं तालमुद म्हणतं खरं. पण तिथे ठपका पैसे मोजून पद घेण्यावर आहे, आणि दोर तिथेही नाही.

आता ‘भीती’. ती खोटी नव्हती. आपल्या दोन मुलांच्या मृत्यूनंतर अहरोनाला हा विधी सांगितला गेला, आणि धुपाच्या ढगाने दयासन (परमपवित्रस्थानातल्या कराराच्या पेटीचं झाकण) झाकलं नाही तर तू मरशील, असं स्पष्ट बजावलं. पण बघा, खबरदारी देवानेच सांगितली आहे, आणि ती याजक जिवंत राहावा म्हणून आहे. प्रेत कसं काढायचं याची सोय त्यात नाही. त्याच अध्यायात 16व्या वचनात म्हटलं आहे की दर्शनमंडप लोकांच्या अशुद्धतेच्या मधोमध वसलेला आहे. पवित्र देव दूर निघून गेलेला नाही. राहता यावं म्हणून तो दर वर्षी शुद्धीची वाट देतो. यशयाला मंदिरात ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ ऐकू आलं तेव्हा त्याला वाटलं आपण संपलो. वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागला आणि त्याचं पाप गेलं. मोशेने ‘तुझं तेज दाखव’ म्हटलं, तर देव म्हणाला, माझं सगळं चांगुलपण तुझ्यापुढून नेईन.

आणि अंतरपट फाटल्यावर भय संपलं, असं इब्री लोकांस पत्रही म्हणत नाही. चौथ्या अध्यायात ते धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ यायला सांगतं, आणि बाराव्यात आपला देव भस्म करणारा अग्नी आहे म्हणतं. दोन्ही एकाच पत्रात.

मिश्नात आणखी एक बारकावा आहे. परमपवित्रस्थानातून बाहेर आल्यावर याजक बाहेरच्या दालनात छोटीशी प्रार्थना करी. ती लांबवत नसे, कारण बाहेर लोक वाट बघत असत आणि उशीर झाला तर घाबरतील. सगळं आटोपून सुखरूप परतला की तो मित्रांना जेवण देई.