जुनं होस्टिंग बंद करू नका, वहिनी

परवा रात्री साडेअकराला वहिनींचा मेसेज आला. “भाऊजी, हे खरं का? बुधवारी होस्टिंग संपतंय. मग पैसे भरत नाही.” होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा. खाली उद्योजिकांच्या कुठल्याशा ग्रुपवरून आलेलं, ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं’ ज्ञान: वेबसाइट नव्या प्लॅटफॉर्मवर नेताना एका क्लिकवर सगळं जसंच्या तसं येतं, डोमेन (साइटचं नाव) तेच म्हणून गूगलचं रँकिंग तेच, जुन्या पानांचे पत्ते सरळ होमपेजकडे वळवा, ग्राहकांचे पासवर्ड चालूच राहतात, आणि जुनं होस्टिंग त्याच दिवशी बंद करा, दुहेरी भाडं कशाला?

वहिनींचं कोल्हापुरी मसाल्यांचं ऑनलाइन दुकान वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या वूकॉमर्सवर आहे, ते शॉपिफाय या तयार दुकान-सेवेवर न्यायचं चाललंय. मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण घात तिथेच आहे.

वूकॉमर्समधून मालाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या तक्त्यात, निघते. त्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. शॉपिफाय ती यादी घेताना त्या पत्त्यांवर जाऊन फोटो उचलून आणतं. होस्टिंगच बंद केलंत तर आणणार कुठून? भाड्याच्या घराची किल्ली मालकाला परत देऊन मग सामानाचा टेम्पो बोलवायचा, असला हा सल्ला. वर्डप्रेसवरून वर्डप्रेसवर जातानाही तेच: निर्यात फाइलमधून मजकूर येतो, फोटो जुन्या साइटवरून ओढावे लागतात.

आणि मेल? वहिनींच्या ऑर्डरी ज्या पत्त्यावर येतात तो मेलबॉक्स त्याच होस्टिंगवर आहे. शॉपिफाय मेलबॉक्स देत नाही. म्हणजे होस्टिंग गेलं की मेलबॉक्स गेला, आणि त्यातली सगळी जुनी पत्रंही. मेल दुसरीकडे ठेवला असेल तरी नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांभाळणारा सर्व्हर) बदलताना एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ती नोंद, लिहायचं राहिलं, तर साइट झकास चालते आणि ऑर्डरीचे मेल मात्र येत नाहीत. दोन दिवस वाटतं, धंदा मंद आहे. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला याची गंधवार्ता नाही.

आता रँकिंग. इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. डोमेन तेच राहिलं तर फायदा होतोच, आणि ३०१ रिडायरेक्टमुळे (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवल्यामुळे) पेजरँक, म्हणजे गूगलच्या लेखी पानाचं वजन, घटत नाही हे गूगलच्या गॅरी इलियस यांनी २०१६ मध्येच सांगितलंय. पण ते रिडायरेक्ट पानागणिक हवं, प्रत्येक जुनं पान त्याच्याच नव्या पानाकडे. वूकॉमर्समध्ये वस्तूचा पत्ता नेहमीच्या सेटिंगप्रमाणे ‘प्रॉडक्ट’खाली असतो, शॉपिफायमध्ये ‘प्रॉडक्ट्स’खाली, आणि तो साचा बदलता येत नाही. एका ‘स’ने सगळे जुने दुवे तुटतात. ते सगळे होमपेजकडे वळवायचे? साइट हलवण्याबद्दलच्या गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत नेमकं हेच करू नका म्हटलंय. असं वळवलेलं पान गूगल नसल्यातच जमा धरू शकतं. रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, असंही तिथेच आहे. मेसेजवाल्याने ते एकच पान वाचलं असतं तरी पुरे होतं.

मराठी दुकानांना आणखी एक खोच आहे. वर्डप्रेस वस्तूच्या नावावरून पत्ता बनवतं, तो २०० अक्षरांत तोडतं, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तिथे नऊ जागा खाते. त्यामुळे ‘घरगुती कोल्हापुरी कांदा लसूण मसाला अर्धा किलो’ याचा पत्ता होतो ‘घरगुती-कोल्हापुरी-कांदा’. लसूण गेला, मसालाही गेला! पाव किलोचंही तेच, म्हणून त्याच्या शेपटीला २ चिकटतो. नावं बघून अंदाजाने रिडायरेक्ट लिहिलीत तर अशा लांब नावांचं एकही लागणार नाही. जुन्या साइटचा साइटमॅप (सगळ्या पानांच्या पत्त्यांची फाइल) काढून त्यातले पत्ते जसेच्या तसे उचलायचे, आणि त्यासाठीही जुनी साइट जिवंत लागते.

पासवर्ड येत नाहीत, विषय संपला. ते गुंतागुंतीच्या सांकेतिक रूपात साठवलेले असतात, शॉपिफायमध्ये ते भरता येत नाहीत. ग्राहकांची नावं-पत्ते येतात. शॉपिफायच्या नव्या पद्धतीत ग्राहकाला मेलवर कोड जातो, पासवर्ड लागतच नाही, त्यामुळे फार रडू नये.

‘एका क्लिकवर सगळं’ याबद्दल एवढंच: ग्राहकांचे अभिप्राय वूकॉमर्सच्या मालाच्या यादीत नसतात, ते वेगळे काढून एखाद्या अॅपमधून चढवावे लागतात. वहिनींचे काही अभिप्राय अमेरिकेतून मसाला मागवणाऱ्यांचे आहेत, ते पहिल्यांदा उतरवून ठेवले.

सकाळी वहिनींनी होस्टिंगचे पैसे भरले. मी पत्त्यांची यादी काढायला बसलोय. लसणाविना कांदा मसाले आत्तापर्यंत चार सापडले.