तवंगाचा तंटा

घरात प्लान्टेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची काचेची टाकी, ठेवणाऱ्या माणसाकडे आलेले पाहुणे मासे मोजतात, झाडांची नावे विचारतात आणि त्यांतले धीट पाहुणे किंमतही विचारतात. परंतु या साऱ्या उपद्व्यापात ज्या एका गोष्टीवर घरातील शांतता अवलंबून असते, त्या पाण्याच्या पृष्ठभागाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. तो नीट पाहायचा तर गुडघे टेकून, मान तिरकी करून काचेतून वर बघावे लागते. पृष्ठभाग स्वच्छ असेल तर त्यात झाडांचे उलटे प्रतिबिंब लख्ख दिसते. आमच्याकडे त्या जागी बहुधा राखाडी, मधूनच मोरपंखी झाक मारणारा एक पडदा असतो आणि त्यावर वर आलेले बुडबुडे न फुटता तसेच ताटकळत बसलेले असतात.

नागपूरच्या माणसाला तवंगाचे वावडे असण्याचे खरे तर काही कारण नाही. सावजीच्या रश्श्यावर बोटभर तेल तरंगताना दिसले नाही, तर आम्ही तर्री पुन्हा मागवतो. फरक एवढाच, की तर्रीतल्या माशांचा श्वासाचा प्रश्न कायमचा मिटलेला असतो. टँकमधल्यांचा तो दररोज उभा राहतो, कारण तवंग हवा आणि पाणी यांच्यात आडवा येतो.

हा तवंग म्हणजे निव्वळ तेल नव्हे. कुजणारी पाने, माशांच्या खाद्यातील स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांच्या अनेक रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते व दुसरे पाण्याला टाळते. त्यामुळे ते पृष्ठभागावर येऊन दाटीवाटीने उभे राहतात आणि या आयत्या पंगतीवर जिवाणू बसतात. टाचणीने रेघ ओढून पाहावी: तेलाचा थर असेल तर तो लगेच पुन्हा एकजीव होतो, जिवाणूंचा असेल तर त्याचे कोनदार तुकडे होऊन ते एकमेकांपासून फटकून राहतात. आमच्या तवंगात दोन्ही घराणी सुखाने नांदतात, कारण टँक आणि स्वयंपाकघर यांच्यात फक्त एक पडदा आहे व फोडणीचा धूर पडद्याला जुमानत नाही.

फोडणीवर असा आरोप केल्यास पुरावा द्यावा लागतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यावर चमचाभर तेल टाकले, तेव्हा सुमारे अर्ध्या एकरावरील लाटा निवल्या, असा वृत्तान्त १७७४ साली प्रसिद्ध झाला आहे. चमच्यात अर्धा एकर झाकला जात असेल, तर तीन फुटांच्या टँकला मोहरी तडतडताना उडालेला एक शिंतोडा पुष्कळ झाला, असे गणित मी मांडले. त्यापाठोपाठ जर्मनीतील ॲग्नेस पॉकेल्स यांचीही कथा सांगितली. घरकाम सांभाळणाऱ्या या बाईंनी पाण्यावरच्या अशाच थरांचे मोजमाप करण्याचे उपकरण स्वयंपाकघरात तयार केले आणि भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना लिहिलेले त्यांचे पत्र १८९१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले. पत्नीने सर्व शांतपणे ऐकून घेतले. “अहो, त्या बाई भांडीसुद्धा घासत होत्या म्हणे,” एवढाच तिचा अभिप्राय पडला.

यावरचा उपाय पुस्तकी भाषेत फार सोपा आहे: फिल्टरच्या नळीचे तोंड किंचित वर करावे, पृष्ठभागावर लहरी उठू द्याव्यात, तवंग मोडतो व पाण्यात मिसळतो. अडचण अशी, की लहरी प्राणवायू आत आणतात तशा कार्बन डायऑक्साइड बाहेर घालवतात आणि झाडांना नेमका तोच हवा असतो. हवेशी बरोबरी साधलेल्या पाण्यात तो लिटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो; हौशी लोक तो वीस-तीसपर्यंत नेऊ पाहतात. मी त्यासाठी साखर आणि यीस्ट यांची बाटली लावली आहे; यीस्ट साखर खाते आणि हा वायू सोडते. हिवाळ्यात ही बाटली सरकारी गतीने बुडबुडे सोडते, मे महिन्यात मात्र यीस्टच्या अंगात येते. म्हणजे लहरी वाढवल्या तर घरची साखर हवेत जाते व त्याचा जाब मला द्यावा लागतो. लहरी थांबवल्या तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, कारण रात्रभर झाडेही प्राणवायू वापरतात आणि पहाटेपर्यंत तो अगदी कमी झालेला असतो. शिवाय २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३२ अंशांना सव्वासात. बाहेर पारा ४५ वर असताना आमच्या हॉलमधले पाणी कोणता आकडा गाठते, हे मी आईपासून लपवून ठेवतो. ते कळले तर ती माशांना माठात ठेवायला सांगेल.

उन्हाळ्यात तवंगावर सर्वांत गुणकारी ठरतो तो कूलर. त्याचा झोत पाण्यावरून जाऊ दिला, की सारा तवंग हळूहळू पलीकडच्या कोपऱ्यात लोटला जातो, तिथे सुरकुत्या पडून गोळा होतो आणि एक कोरा टिश्यू पेपर अलगद टेकवून उचलला, की निम्मा कागदासोबत निघून येतो. हे दृश्य मला अतिशय समाधान देते. परंतु नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या पट्ट्या माणसांकडून माशांकडे वळवणे, याला आमच्या घरात सौम्य शब्दांत फितुरी म्हणतात.

त्यातच बाष्पीभवनाने पातळी दोन बोटे उतरते, फिल्टरची नळी उघडी पडते आणि मध्यरात्री हॉलमध्ये धबधबा सुरू होतो. आई तिथेच झोपते. “काहून रे, नळ कोणी उघडा ठेवला?” अशी हाक आली, की अंधारात उठून तांब्याने पाणी भरणे आलेच, आणि पाणी उडून गेले तरी त्यातले क्षार मागेच राहतात, हा मुद्दा त्या वेळी कोणीही ऐकून घेत नाही.

सीताबर्डीतल्या दुकानदाराने यावर, “मॉली टाका ना भाऊ, सारं चाटून साफ करून टाकते ते,” असा सल्ला दिला. मॉली ही माशाची जात तवंग टिपते हे खरे आहे. मात्र ती त्याचे पुढे जे करते, त्यातून नव्या तवंगाची सोय होते. मग स्किमर आणला. हे यंत्र वरचा थर फटींतून ओढून घेते व फार चोख काम करते, पण गप्पीची पिल्ले आणि तवंग यांत ते भेदभाव करीत नाही. शिवाय कन्येचा लाडका फायटर मासा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, त्याला लहर अजिबात खपत नाही. अखेर तहनामा असा झाला, की स्किमर सकाळी फोडणीनंतर तासभर चालेल, तेवढा वेळ पिल्लांना जाळीच्या कप्प्यात आणि फायटरला बरणीत ठेवले जाईल, आणि एअर पंप रात्रभर हळू फुरफुरेल. त्या आवाजाला आईने “पाऊस पडल्यासारखं वाटते,” असे प्रशस्तिपत्र दिले आहे.

हा तह बराच टिकला असता. पण परवा अमरावतीहून भावजी आले. आल्या आल्या त्यांनी टँकमध्ये डोकावून, “एवढी यंत्रं कशाला? तुरटी फिरवा ना. आमच्या विहिरीत आम्ही तेच करतो,” असे फर्मावले. तुरटी पाण्यातला गाळ खाली बसवते, वरच्या तवंगाला हातही लावत नाही आणि पाणी मात्र आम्ल करून ठेवते, हे मी त्यांना जेवण संपेपर्यंत समजावत होतो. त्यांनी मान डोलावली, सुपारी घेतली आणि दाढीचे सामान ठेवण्याची जागा कुठे आहे, हे माझ्या मुलीला हळूच विचारले. सध्या तुरटीचा खडा माझ्या ऑफिसच्या खणात आहे आणि भावजींचा मुक्काम सोमवारपर्यंत आहे.