27 बॅटर, 27 बाद: हंबरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. व्हाइट सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) फिलिप हंबर याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हंबरचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या 27 च्या 27 बॅटरना बेसवर पोचू न देता बाद करणं, हे निव्वळ नशीब, शेवटचा चेंडू मुळात स्ट्राइकच (बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू, असे तीन झाले की तो बाद) नव्हता, 2012 साली असे तीन-तीन परफेक्ट गेम झाले म्हणजे त्यात दुर्मिळ काही नाही, आणि ‘ताई, पुढच्याच सामन्यात ज्याची धुलाई झाली त्याला डोक्यावर घेऊन कशाला नाचायचं?’

धुलाई झाली, खरंय. 21 एप्रिल 2012 ला सिएटलमध्ये त्याने एकाही बॅटरला पहिल्या बेसवर पोचू दिलं नाही आणि लगेचच्या सामन्यात बोस्टनने त्याच्या 5 इनिंगमध्ये 9 रन चोपले. 2013 साली ह्यूस्टनकडून खेळताना त्याच्या नावावर 8 पराभव लागले, विजय एकही नाही. त्यानंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल स्पर्धेत, तो दिसलाच नाही. सगळ्या कारकिर्दीत मिळून विजय 16. परफेक्ट गेम टाकलेल्या पिचरांमध्ये इतके कमी विजय दुसऱ्या कुणाचेच नाहीत. तो थोर पिचर होता असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. एका दुपारी त्याने जे केलं ते पूर्ण होतं, एवढंच मी म्हटलं, आणि नंतरच्या अपयशाने त्यातला एकही बाद मागे घेता येत नाही.

तीन-तीन झाले म्हणता, तर पुढचंही बघा. 2012 च्या ऑगस्टमध्ये फेलिक्स हर्नांडेझने सिएटलच्या त्याच मैदानावर परफेक्ट गेम टाकला. त्यानंतरचा बघायला जून 2023 उजाडावा लागला. 1880 पासून दोन लाखांहून जास्त सामने झाले, त्यात असे फक्त 24. नोलन रायनने 7 नो-हिटर टाकले, म्हणजे 7 सामन्यांत समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही, पण त्यातला एकही परफेक्ट नव्हता. नो-हिटरमध्ये चार बॉल, म्हणजे मारण्याच्या टप्प्याबाहेरचे चेंडू, पडून बॅटर फुकटात पहिल्या बेसवर गेला तरी चालतं. परफेक्टमध्ये तेही चालत नाही. 2004 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, हंबर तिसरा निवडला गेला, त्याच्या आधी दुसऱ्या क्रमांकावर जस्टिन व्हर्लँडर. व्हर्लँडर कुठल्या कुठे पोचला. त्याच्याकडे तीन नो-हिटर आहेत, परफेक्ट गेम नाही.

आता नशीब. कुठल्याही परफेक्ट गेममध्ये ते असतंच, कारण बाकीच्या आठ जणांपैकी एकाच्या हातून चेंडू निसटला तरी खेळ खलास. पण त्या दिवशी 27 पैकी 9 जण हंबरने स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि तिथे सहसा क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू जाण्याचा प्रश्नच नसतो. त्यातही मला नववी, म्हणजे शेवटची इनिंग महत्त्वाची वाटते. समोर मायकेल सॉन्डर्स. पहिले तिन्ही चेंडू बॉल. आणखी एक बॉल पडला असता तर आठ इनिंगची सगळी मेहनत पाण्यात. अशा वेळी पिचरचा हात आखडतो, चेंडू सांभाळून मधोमध टाकला जातो आणि मार खातो. हंबरने तिथून सॉन्डर्सला स्ट्राइकआउट केलं. ज्या स्लायडरवर, म्हणजे शेवटी बाजूला वळणाऱ्या चेंडूवर, त्याची त्या दिवशी भिस्त होती, तो त्याने आदल्याच वर्षी पिचिंग कोच डॉन कूपर यांच्या हाताखाली घोटून घेतला होता. 2005 मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया, मग मेट्स, ट्विन्स, रॉयल्स, ॲथलेटिक्स अशा संघांच्या एका दारातून दुसऱ्या दारात, आणि 2011 च्या जानेवारीत दुसऱ्यांनी सोडलेल्या खेळाडूंतून व्हाइट सॉक्सने त्याला उचललं. तोवर मेजर लीगमध्ये एकही सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याने एकट्याने टाकला नव्हता. जो पहिला पूर्ण टाकला, तोच हा. 96 चेंडूंत.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण द्यायचं तर मुंबईत जन्मलेला एजाझ पटेल. डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवर त्याने भारताचे एका डावात 10 बळी घेतले. लगेचच्या मायदेशातल्या बांगलादेशविरुद्धच्या मालिकेला न्यूझीलंडने त्याला घेतलंच नाही. म्हणून ते 10 बळी कुणी 9 म्हणून मोजत नाही.

शेवटच्या चेंडूचं मात्र तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. तो प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिलाय. समोर 27वा बॅटर ब्रेंडन रायन, तीन बॉल, दोन स्ट्राइक. बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर त्याने बॅट अर्धवट फिरवून आवरली. बॅट पुरती फिरली तर स्ट्राइक, नाही तर बॉल. ती पुरती फिरली असं मलाही वाटत नाही, अंपायरने मात्र स्ट्राइक दिली.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती, आणि तुमच्या प्रतिक्रियेत नेमकं हेच राहून गेलंय. तो चेंडू कॅचर (बॅटरमागे चेंडू धरणारा) पिअरझिन्स्कीला धरता आला नाही, मागे गेला. पहिला बेस मोकळा असताना तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटली तर बॅटर पळू शकतो. रायन बेसवर पोचला असता तर स्ट्राइकआउट हंबरच्या नावावर लागला असता आणि परफेक्ट गेम गेला असता. मी शाळेत सॉफ्टबॉलला कॅचर होते. ग्लोव्हची कड घासून चेंडू मागे जातो तेव्हा आधी काही दिसतच नाही. मास्क भिरकावायचा, वळायचं, धुळीत नजर फिरवायची, आणि पाठीमागे कुणीतरी पळतंय हे कानाने कळत असतं. रायन पळायचं सोडून क्षणभर अंपायरकडे वळला. पिअरझिन्स्की अंपायरकडे वळला नाही, थांबला नाही, चेंडू उचलून त्याने थेट पहिल्या बेसवर उभ्या पॉल कोनेर्कोकडे फेकला, रायन बाद, आणि इकडे हंबर गुडघ्यांवर खाली आला.

ते दृश्य पुन्हा लावाल तेव्हा बॅटकडे पाहू नका, नुसतं कॅचरकडे पाहा. आणि मग नशिबाबद्दल काय वाटतं ते मला जरूर लिहा, मी वाट बघतेय.