चाकांवरील पांढऱ्या डागांबाबत आमचे म्हणणे

आदरणीय साहेब,

आपल्या पोर्शे 911 गाडीसाठी आम्ही जुन्या जर्मन घाटाची चाके बनवून दिली. त्या कामाला आपण पाचपैकी एकच तारा दिला आणि सोबत लिहिले की, चाके ठरल्यापेक्षा उशिरा मिळाली, किंमत अवाच्या सव्वा लावली आणि ‘पहिल्याच पावसाळ्यात पॉलिश उडून पांढरे चट्टे पडले, शेवटी कोल्हापुरी काम ते कोल्हापुरी कामच’. आपल्याला मनस्ताप झाला याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. चाके उशिरा पोहोचली आणि मधल्या काळात आपले फोन काही वेळा उचलले गेले नाहीत, त्याबद्दलही क्षमा असावी. परंतु पांढऱ्या चट्ट्यांचा दोष आपण आमच्या कारागिरीच्या माथी मारला आहे, आणि त्यावर गप्प बसलो तर तो आम्ही मान्य केला असाच अर्थ वाचणारा काढील. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपण जोडलेली छायाचित्रे आम्ही मोठी करून पाहिली. पुढच्या उजव्या चाकाच्या पाकळ्यांवरून पांढरे ओघळ आलेले आहेत आणि ते सगळे एकाच दिशेने, जमिनीकडे, उतरलेले आहेत. मधल्या टोपीची फक्त खालची कड पांढरी पडली आहे. मूळ ॲनोडायझिंगच, म्हणजे चाकावर चढवलेला संरक्षक थरच, कच्चे राहिले असते, तर पावसापाण्याने चाकाचा पृष्ठभाग सगळीकडून सारखाच मंद झाला असता. फिरत्या चाकावरच्या डागांना वर-खाली अशी दिशा येण्याचे काही कारण नव्हते. दिशा आहे याचा अर्थ इतकाच की, गाडी उभी असताना चाकावर वरून काहीतरी फवारले गेले, ते खाली ओघळले आणि धुऊन न काढता तसेच वाळू दिले गेले. आपल्याच तिसऱ्या छायाचित्रात रिमची आतली बाजू दिसते. ब्रेकची धूळ सर्वांत जास्त तिथेच साठते आणि ती बाजू त्याच टाकीत, त्याच वेळी ॲनोडाइज झालेली आहे. ती आजही स्वच्छ चमकते आहे.

आपल्या चालकाशी फोनवर बोलणे झाले तेव्हा, पुण्याकडे परतताना महामार्गावरील एका वॉशिंग सेंटरवर चाकांना ‘पिवळे औषध’ मारून घेतल्याचे त्यांनी सरळपणे सांगितले. त्यांचा यात काही दोष नाही, कारण ते औषध साध्या रंगवलेल्या चाकांवर रोज वापरले जाते आणि धूळ झटक्यात निघते. परंतु ॲनोडायझिंग म्हणजे रंग नव्हे. सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत वीजप्रवाह सोडून ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचे ऑक्साइड केलेले असते आणि नंतर त्याची सूक्ष्म छिद्रे गरम पाण्यात बंद केलेली असतात. हा थर अवघा काही मायक्रॉनांचा असतो. तो ओरखड्यांना दाद देत नाही. मात्र तीव्र आम्लाला आणि तीव्र अल्कलीला, दोघांनाही बळी पडतो. साधारण 4 ते 8 या पीएचच्या (आम्लता मोजण्याच्या मापाच्या) बाहेरचे कोणतेही द्रावण त्यावर चालत नाही, आणि चाके साफ करण्याच्या काही औषधांत तर अमोनियम बायफ्लोराइडसारखे जहाल पदार्थ असतात. तांब्याचा हंडा चिंच लावून घासावा त्या हिशेबाने ही चाके घासली गेली, तर ऑक्साइडचा थर विरघळतो आणि खाली उरतो तो हाच पांढरट डाग. असे होऊ नये म्हणून प्रत्येक खोक्यात मराठी सूचनापत्र घातलेले असते. आपल्याही खोक्यांत ते होते.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने लिहावी लागते. या फिनिशचा आग्रह आपला होता. पुण्या-मुंबईत गाडी रोज रस्त्यावर असते, म्हणून आम्ही पॉलिशवर पारदर्शक पावडर कोटिंग सुचवले होते. त्याने चाक प्लास्टिकचे वाटते, मला जुन्या जर्मन चाकांची ती रेशमी झाक हवी आहे, असे आपले उत्तर होते. आपले म्हणणे रसिकाचे होते आणि आम्हाला ते आवडलेही होते, म्हणून आम्ही वाद घातला नाही. आता आपण लिहिता की, ‘साठ वर्षांपूर्वीची फुक्सची चाके आजही चमकतात’. फुक्स म्हणजे ती चाके घडवणारी जर्मन कंपनी. 1966 मध्ये पोर्शेने 911 एसवर बसवलेल्या त्या पाच पाकळ्यांच्या फोर्ज्ड, म्हणजे ओतून नव्हे तर दाबून घडवलेल्या, चाकांबद्दल आमच्या मनात कमी आदर नाही; त्याच घाटावर तर आमचे पोट चालते. मात्र आज चमकताना दिसणारी बहुतेक जुनी चाके एकतर गॅरेजमध्ये जपलेली असतात किंवा जुना थर काढून, पुन्हा पॉलिश करून नव्याने ॲनोडाइज केलेली असतात. आम्लाचा ओघळ त्यांच्यावरही असाच उठतो.

विलंबाबद्दल थोडक्यात. फुक्सचे मूळ चाक 15 इंची आणि अवघे साडेचार इंच रुंद होते. आपल्या गाडीला, म्हणजे 911 च्या 992 पिढीतल्या कॅरेरा एसला, पुढे 20 आणि मागे 21 इंची चाक लागते, कारण पुढची ब्रेक डिस्कच 350 मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ 14 इंचांची आहे. त्यावर ब्रेक दाबणारे कॅलिपर आले की 15 इंची रिमच्या पोटात ते मावत नाही. तीच पाकळी नुसती ताणून मोठी केली तर ती बेढब दिसते, आणि मागचे चाक साडेअकरा इंच रुंद असल्यामुळे तिथे तिचा फुगवटा वेगळा धरावा लागतो. मंजूर झालेल्या ड्रॉइंगनंतर पाकळ्यांची खोली आणि मधल्या काळ्या रंगाची चमक आपण बदलून मागितली, तेव्हा मशीनचा प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागला. याची आम्ही तक्रार करत नाही, केवळ नोंद करतो.

किमतीबाबत आपण ‘ओतीव चाके याच्या चौथाईत मिळतात’ असे लिहिले आहे. मिळतात, आणि ओतकामाला नावे ठेवणारा कोल्हापूरचा माणूस विरळाच, कारण इथल्या फाउंड्रींची कामे देशभरच्या वाहन कारखान्यांत जातात. परंतु ओतीव चाकांच्या नेहमीच्या मिश्रधातूत सिलिकॉन साधारण 7 टक्के असते आणि तो ॲनोडाइज केला की करडा, मळकट दिसतो. आपल्याला हवी असलेली झाक 6061 सारख्या फोर्ज्ड ॲल्युमिनियम मिश्रधातूवरच येते, ज्यात सिलिकॉन एक टक्क्याहूनही कमी असते. त्या फोर्जिंगचा बराचसा भाग मशीनवर कीस होऊन खाली पडतो आणि त्याचेही पैसे आम्ही मोजलेले असतात. चाके बसवल्यानंतर एक्स्प्रेसवेवर स्टिअरिंगला किंचितही थरथर नाही, असे आपणच फोनवर म्हणाला होता. ते वाक्य अभिप्रायात मात्र आले नाही.

उद्यमनगरातल्या आमच्यासारख्या छोट्या कारखान्याला जाहिरात परवडत नाही. लोक आधी असे अभिप्राय वाचतात आणि मगच फोन करतात. आपला अभिप्राय आल्यानंतर, आगाऊ रक्कम द्यायच्या बेतात असलेल्या एका ग्राहकाने ‘थोडे थांबू’ असे कळवले आहे. बफिंगला बसणारी माणसे सुगीप्रमाणे कामावर घेता येत नाहीत. त्यांना बारा महिने पगार द्यावा लागतो. आपल्यावर दडपण आणण्याचा हेतू नाही, परंतु ‘कोल्हापुरी काम’ हे शब्द त्या माणसांनीही वाचले आहेत.

यापुढे ग्राहकांशी संपर्क अधिक नियमित राहील यासाठी आवश्यक ती व्यवस्था आम्ही करत आहोत, आणि सूचनापत्रही अधिक ठळक करण्याचा विचार आहे. आपली चारही चाके टायर उतरवून पाठवावीत. जुना थर काढणे व पुन्हा पॉलिश करणे यांची मजुरी आम्ही घेणार नाही. ॲनोडायझिंग बाहेरून होते, तेवढा खर्च आणि वाहतूक आपली राहील. थर काढताना धातूचा अगदी थोडा अंश जातो, त्यामुळे हे वारंवार करता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पारदर्शक कोटिंग करायचे असल्यास तसे कृपया यावेळी लेखी कळवावे. तोपर्यंत चाके साध्या पाण्याने आणि सौम्य शाम्पूनेच धुवावीत, आणि वॉशिंग सेंटरवर गाडी द्यावीच लागली तर चाकांना औषध मारू नये असे चालकांमार्फत बजावून सांगावे.

आपला नम्र,
कारखाना मालक, उद्यमनगर, कोल्हापूर