प्लॅन वाढवून लॅग जात नसतो

"कन्सोलवर ऑनलाइन खेळताना लॅग येतोय? घरचं नेट कमी पडतंय, दुसरं काही नाही. मोठा प्लॅन घ्या, डीएनएस ८.८.८.८ करा, कन्सोल डीएमझेडमध्ये टाका, वाय-फायच्या सगळ्या दांड्या दिसतायत ना ते बघा आणि रोज रात्री राउटर बंद करा. शंभर टक्के गॅरंटी!"

हा मजकूर गेल्या महिन्याभरात मला चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी प्लॅन वाढवलाही. लॅग जिथल्या तिथे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

नेट कमी पडतंय, हे कन्सोल काहीतरी मोठं उतरवून घेत असेल तेव्हा खरं. शंभर जीबीचा अपडेट असेल तर वेगवान प्लॅननं वेळ नक्की वाचतो. क्लाउड गेमिंगमध्ये तर चित्रच बाहेरून येतं, तिथेही वेग लागतो. पण साध्या ऑनलाइन मॅचमध्ये चित्र कन्सोल स्वतः तयार करतो. तारेतून जाते ती नुसती हालहवाल: मी इथे उभा आहे, तोंड तिकडे आहे, हे बटण आत्ता दाबलं. निन्टेंडोनं स्विचवरच्या ऑनलाइन खेळासाठी सुचवलेला किमान वेग डाउनलोडला ३ आणि अपलोडला १ एमबीपीएस आहे. शंभरचा प्लॅन तीनशेचा केलात, तर वरचे दोनशे मॅचच्या वेळी नुसते पडून राहणार.

दुखणं उशिराचं आहे. हालहवाल छोट्या तुकड्यांत जाते, त्या प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. सेकंदाला साठ वेळा हालहवाल पाठवणाऱ्या गेममध्ये दोन पॅकेटांमध्ये जेमतेम १७ मिलिसेकंद असतात. पिंग म्हणजे पॅकेट पलीकडे जाऊन उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद. तो कायम ६० असेल तर हाताला त्याची सवय होते. ३० वरून ३०० आणि पुन्हा ३० अशा उड्या मारणारा पिंग मात्र खेळूच देत नाही.

आमच्याकडे नेमकं हेच चाललं होतं. रात्री साडेनऊ वाजले की समोरचा गडी भिंतीतून आरपार जायचा आणि मी मेलेलो असायचो. स्पीड टेस्ट विचाराल तर झकास. शेवटी कॉम्प्युटर केबलनं राउटरला जोडला, बाहेरच्या एका पत्त्याला पिंग लावला आणि आकडे बघत बसलो. २२, २४, २३. मग एकदम १८०, ३१०, ४४०. मान वर केली तर बायकोनं नुकताच फोन चार्जिंगला लावला होता. चार्जर आणि वाय-फाय दोन्ही मिळाले की तो फोन दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला घ्यायचा. फोन काढला, आकडा २३ वर. पुन्हा लावला, ४००. हा प्रयोग तिनं तीनदा करू दिला, चौथ्यांदा फोन हातातून काढून घेतला.

या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हे नाव रूढ केलं. घरातून बाहेर जाणारी अपलोडची वाट बहुधा अरुंद असते. ती भरली की मॉडेम जादा पॅकेटं टाकून न देता रांगेत उभी करतो. पुढे फोटोंची शेकडो पॅकेटं आणि शेपटाला गेमचं एक चिमुकलं पॅकेट. ते हरवत नाही, फक्त त्याचा उपयोग संपल्यावर पोचतं. उपाय राउटरमध्येच असतो, सगळ्यांत नसला तरी काही राउटरमध्ये: एसक्यूएम नावाची, रांग आटोक्यात ठेवणारी सोय. तिच्यात एफक्यू-कोडेल किंवा केक हा पर्याय निवडायचा आणि वेगाची मर्यादा खऱ्या वेगाच्या साधारण नव्वद टक्के ठेवायची. मग रांग मॉडेमऐवजी राउटरच्या ताब्यात येते आणि छोट्या पॅकेटांना तो आधी सोडतो. म्हणजे नेटचा वेग मी मुद्दाम कमी केला आणि लॅग गेला. मोठ्या प्लॅनबरोबर अपलोडही वाढला तर रांग लवकर सरते, एवढं श्रेय प्लॅनला देतो. ज्याच्या राउटरमध्ये ही सोय नाही, त्यानं फोनचा बॅकअप पहाटेवर ढकलावा.

डीएनएसचा मुद्दा दोन ओळींत संपतो. डीएनएस नावावरून पत्ता सांगतो. पत्ता एकदा कळला की मॅच संपेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही, तेव्हा पिंग कमी करणं त्याच्या हातात नाही. लॉगिन होत नसेल, स्टोअर उघडत नसेल, तेव्हा तो जरूर बदलून बघा. पिंगला खरी अडचण अंतराची: काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे पाच हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद लागणारच. गेममध्ये सर्व्हरचा प्रदेश निवडता येत असेल तर आधी तो बघा. चुकून भलताच निवडलेला मी दोनदा पाहिलाय.

डीएमझेडच्या सल्ल्यावर मात्र माझा राग आहे. तो नॅट सुधारायला देतात. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकाच पत्त्यावर चालवण्याची राउटरची व्यवस्था. पहिली गोष्ट, नॅट स्ट्रिक्ट म्हणजे कडक असल्यानं लॅग येत नाही. त्यानं जोडणी अडते: मित्राचा आवाज पार्टीत येत नाही, लॉबी सापडत नाही. प्लेस्टेशन त्याला टाइप १, २, ३ म्हणतो, एक्सबॉक्स ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट म्हणतो, स्विच ए, बी, सी अशी अक्षरं देतो. त्यासाठी आधी राउटरमधलं यूपीएनपी (लागतील ते पोर्ट, म्हणजे राउटरची क्रमांकाची दारं, आपोआप उघडणारी सोय) चालू करा आणि कन्सोल स्लीपमध्ये न टाकता पूर्ण बंद करून सुरू करा. बहुतेकांचं काम इथेच होतं. नाहीच झालं तर हवा तेवढाच पोर्ट उघडा, एक्सबॉक्सला ३०७४.

डीएमझेडमध्ये टाकणं म्हणजे बाहेरून येणारं सगळं न विचारता त्या एका पत्त्यावर पाठवणं. कन्सोलवर त्यानं आभाळ कोसळणार नाही, मान्य. पण राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो आणि ते बदलतात. आज १९२.१६८.१.५ वर कन्सोल आहे, पुढच्या महिन्यात तिथे ऑफिसचा लॅपटॉप येऊन बसेल आणि बाहेरचं दार त्याच्यावर उघडं असेल. पोर्टसाठी असो वा डीएमझेडसाठी, कन्सोलला पत्ता राखून दिल्याशिवाय हे करू नका.

आणि कितीतरी घरांत यातलं काहीच लागू पडत नाही. राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता बघा. तो १९२.१६८ नं सुरू होत असेल तर बहुधा घरात एकामागे एक दोन राउटर आहेत. एकाला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे नॅटचं काम एकच राउटर करेल. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ मधला असेल तर नॅट इंटरनेट कंपनीच्या आत आहे. पत्त्यांचा हा पट्टा २०१२ मध्ये त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. तिथे तुमचा डीएमझेड म्हणजे सोसायटीचं गेट बंद असताना फ्लॅटचं दार उघडं ठेवणं. कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागणं हाच मार्ग उरतो.

वाय-फायच्या दांड्या फक्त सिग्नलचा जोर दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत. एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असा वाय-फायचा नियम. शेजाऱ्यांचे राउटरही त्याच रांगेत. त्यामुळे केबल टाका. पहिल्या स्विचच्या डॉकला लॅनचं भोक नव्हतं, यूएसबी अडॅप्टर लागायचा. २०२१ च्या ओलेड मॉडेलच्या डॉकला ते आलं. केबल अशक्यच असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा आणि कन्सोल टीव्हीखालच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा.

राहिला राउटर रोज बंद करणं. करा, बिघडत काही नाही. पण त्याआधी वाय-फायवरच्या कॉम्प्युटरवर दोन पिंग शेजारी-शेजारी लावून ठेवा, एक राउटरला आणि एक बाहेर. पहिलाच उड्या मारत असेल तर दोष वाय-फायचा. पहिला शांत, दुसरा उसळतोय आणि घरात कोणी काही अपलोड-डाउनलोडही करत नाहीये, तर दोष बाहेरचा. राउटरपर्यंत १ मिलिसेकंद, बाहेर पडताच २५०, रोज आठ ते अकरा: असे तीन रात्रींचे आकडे वाचून दाखवले की "सर, राउटर बंद करून चालू केलात का?" हे कस्टमर केअरवाल्यालाही विचारवत नाही.